देवघरावरचा बीम

माझ्यावर सर्वांत मोठं ऋण मेश्राम बाईंचं आहे. मध्य प्रदेशात, बालाघाटकडच्या आमच्या गावात त्या गणित शिकवायच्या. आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. कॉलेजचा फॉर्म बाईंनी भरला आणि माझ्यासोबत बसमध्ये बसून जबलपूरला येऊन जमाही केला. वर्गात त्यांचा एक नियम होता. नाव विचारलं की उभं राहून पूर्ण सांगायचं. कोणी अर्धं सांगितलं की म्हणायच्या, "अर्धं काहून सांगतोस रे? उरलेलं कोणी चोरलं काय?"

त्या बाईंचा विद्यार्थी मी. या हिवाळ्यात जबलपूरच्याच गोरखपूर भागातल्या एका घराच्या फाटकात मला सांगितलं गेलं, "तू मागच्या शिडीनं जा."

आणि मी गेलो.

माझं काम सांगतो. शहरात बांधायला मोकळी जागा उरली नाही. आमची कंपनी जुन्या घरांच्या छतावर हलक्या लोखंडी सांगाड्याची नवी घरं बसवते. मी छत मोजतो, कॉलम आणि बीम तपासतो, हातोडीनं ठोकून पोकळ आवाज येतो का ते ऐकतो. घरच्या लोकांना समजावतो की पाणी कुठून जाईल, नवा जिना कुठे येईल, ठोकठोक किती दिवस चालेल. वरचं सगळं वजन शेवटी खालच्या बीमवर येतं. माझी सही झाल्याशिवाय काम सुरू होत नाही.

नोकरी लागली तेव्हा कंपनीच्या साहेबांनी ओळखपत्रावर माझं फक्त पहिलं नाव छापलं. म्हणाले, "सरनेम रहने दो. लोग फालतू सवाल करते हैं." मी म्हटलं, "थैंक यू सर." मनापासून म्हटलं.

ते घर तीन मजली. मालक निवृत्त अधिकारी, मराठी. त्यांचे पूर्वज मराठ्यांच्या चाकरीत इकडे आले आणि इथलेच झाले. माझं मराठी ऐकून खूश झाले. "अरे, आपलाच माणूस निघाला! साहेब काय म्हणतोस, काका म्हण." पुढच्या उघड्या जिन्यानं मला वर नेलं. सर्वांत वरच्या, दुसऱ्या मजल्यावर देवघराची खोली लागते. तिथे थांबून मी हात जोडले. काकूंनी चहा दिला, वर पोहे दिले.

माझ्यासोबत टेप धरायला इरफानभाई. गोहलपूर वस्तीतले जुने मिस्त्री. ते फाटकातून परस्पर मागे वळले आणि लोखंडी गोल शिडीनं छतावर आले. मला वाटलं, त्यांना तो रस्ता जवळचा असेल. तीन दिवस मला तसंच वाटत राहिलं. ते हसून म्हणायचे, "आइए पंडितजी, आप आगे से, हम पीछे से."

तिसऱ्या दिवशी चहा घेताना काका म्हणाले, "अच्छा, तुझं आडनाव विचारायचंच राहिलं."

मी उभा राहिलो. सवयच ती. पूर्ण नाव सांगितलं.

ते आडनाव मी इथे लिहीत नाही. वाचणारेही आधी तेच शोधतील.

काकांनी कप बशीत ठेवला. मग म्हणाले, "अच्छा. चांगलं आहे. हुशार निघतात आता तुमच्यातले." काकू उठून आत गेल्या. परत बाहेर आल्या नाहीत.

चौथ्या दिवशी काका फाटकातच उभे. "तुझा तो मिस्त्री मागून जातो ना, तसा तूही जा. घरात सोवळं असतं. वाईट नको वाटून घेऊ."

ती शिडी प्रत्येक मजल्याच्या संडासाच्या दाराला लागून वर जाते. कधीकाळी मैला काढणाऱ्यांसाठी बांधलेली. गंजलेली. मी फाईल काखेत धरून चढलो. छतावरून खाली पाहिलं तर पुढचा जिना धुतला जात होता. तीन दिवस मी चढलो होतो तो जिना. पाणी फाटकापर्यंत वाहत आलं होतं.

इरफानभाई शेजारी येऊन उभे राहिले. "अब समझे, पंडितजी?"

"आप पहले से जानते थे?"

"मैं तो हर घर में पहले ही पूछ लेता हूँ, सीढ़ी किधर है. टाइम बचता है."

मला जिन्याचा राग आला. त्यापेक्षा जास्त माझा आला. तीन दिवस मी पोहे खाल्ले होते.

त्या दिवशी एकच काम उरलं होतं. देवघराच्या खोलीतला बीम. बाहेरून, गच्चीच्या बाजूनं, त्याच्या टोकाला भेग दिसत होती. आत किती गेली ते आत जाऊनच कळणार होतं. मी खाली येऊन काकांना सांगितलं.

"तेवढी खोली सोड. अंदाजे लिही. शेजारच्या बीमसारखाच असेल."

"काका, वर दोन कुटुंबं राहणार. खाली तुमची नातवंडं झोपतात."

"ते आम्ही बघू. तू आत येऊ नको."

ऑफिसात साहेबांना सांगितलं. ते चिडले नाहीत. त्यांनी फॉर्म माझ्यापुढे सरकवला. 'माप नसल्यास कारण' या रकान्यावर बोट ठेवलं. "लिखो, कमरा बंद था. माप अंदाज़े से डाल दो. बात खतम."

मी पेन घेतलं. 'कमरा' एवढं लिहिलं. खरंच लिहिलं. पुढचा शब्द हातून उतरेना. खोली बंद नव्हती. दार उघडं होतं, आत दिवा लागलेला होता. बंद मला होतं.

'कमरा' खोडला. लिहिलं, 'बीम नापने नहीं दिया. कारण: नापने वाले की जाति.' खाली सही केली. सहीखाली पूर्ण नाव.

"नौकरी प्यारी नहीं है क्या?" साहेब म्हणाले.

"है सर," मी म्हटलं. त्याची झेरॉक्स काढून घेतली आणि फॉर्म त्यांच्या टेबलावर ठेवला.

माझ्या भाड्याच्या खोलीवर येऊन बाईंना पत्र लिहिलं. ते असं:

"आदरणीय बाई,

जय भीम.

ओळखपत्रावर अर्धं नाव लावून मी फिरत होतो, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. लाज वाटत होती. सोबत एका फॉर्मची प्रत पाठवत आहे. खोडलेला शब्दही वाचा, तोही माझाच आहे. प्रत सांभाळून ठेवा. इथला कागद हरवू शकतो.

हे पत्र पोचेल तेव्हा नोकरी असेल की नाही, माहीत नाही. आईला अजून सांगितलं नाही. साहेब म्हणतात, नवा फॉर्म भर. नवा दिला तर त्यातही हेच लिहीन. मोजायचाच असेल तर पुढच्या जिन्यानं जाऊन, इरफानभाईंना सोबत नेऊन तो बीम मोजीन. नाहीतर माझ्या सहीनं त्या छतावर एक पत्राही चढणार नाही.

उरलेलं नाव कोणी चोरलं नव्हतं, बाई. मीच देऊन टाकलं होतं. आता देणार नाही."