स्वस्त सहलीची खबर

ते प्रकरण अजून जसंच्या तसं डोळ्यांपुढे आहे. नोकरीत खून-दरोडे भरपूर पाहिले, पण हे प्रकरण होतं सहलीच्या दराचं.

भाईंदर पूर्वेला आमच्या पोलीस ठाण्यात एक टूरवाला आला. कडक इस्त्रीचे कपडे, बोलणं गोड. जवळच्या इंद्रलोक भागातली एक बाई दीक्षाभूमी-अजिंठ्याची सहल निम्म्या दरात नेतेय, टॅक्ससुद्धा लावत नाही, म्हणजे नक्की पैसे घेऊन पळणार, अशी त्याची खबर. आगाऊ रक्कम घेऊन पसार झालेले महाभाग मी पाहिले होते. बाईंना चौकशीला बोलावलं.

बाई मूळच्या परभणीच्या. घाबरल्या नव्हत्या, चिडल्या होत्या. दर कसा काढला विचारलं, तर ताडताड सांगितलं. मुक्काम हॉटेलात नाही, बुद्धविहारात. शेगडी, भांडी आणि स्वयंपाकीण बसमधूनच सोबत. बसभाडं, टोल, परमिट सगळं एकत्र करून सीटवार वाटलेलं. मधे एजंट नाही. धंदा इतका लहान की जीएसटीची नोंदणी अजून लागत नाही, आणि नोंदणी नसताना गिऱ्हाइकाकडून टॅक्स घ्यायचा नाही, असं कर सल्लागाराने बजावलेलं. मी बसमालकाला आणि विहारात फोन लावून खात्री केली. सगळं खरं निघालं.

"पण साहेब, मला ठाण्यात बोलावलंय हे बिल्डिंगभर झालंय," त्या म्हणाल्या. "लोक पैसे परत मागतायत. बस पूर्ण भरेल असं धरूनच मी दर काढलाय. थोड्या सीट जरी रिकाम्या गेल्या तरी माझा धंदा बसला."

मग खबर देणाऱ्या त्या टूरवाल्याला पुन्हा बोलावून चहा मागवला. अशा माणसाला दरडावून काही मिळत नाही. त्याला बोलू द्यावं, स्वतःची तारीफ करता करता तो हवं ते ओकतो.

"आपलं काम एकदम चोख, साहेब. मी प्रत्येकाकडून टॅक्स घेतो."

"छान. आणि भरता कुठल्या नंबरावर?"

आधी म्हणाला सीए बघतो, मग म्हणाला नंबर घरी राहिला, शेवटी कबूल झाला. नोंदणीच नव्हती. लोकांनी टॅक्स म्हणून दिलेला पैसा थेट याच्या खिशात, आणि निघाला होता दुसऱ्याला चोर ठरवायला, लेकाचा! त्याच्या गिऱ्हाइकांचे जबाब घेतले, फसवणुकीचा गुन्हा नोंदवला आणि जीएसटी खात्याला कळवलं.

बाईंचं नाव मात्र अजून मोकळं झालं नव्हतं. त्याच संध्याकाळी गणवेशातच इंद्रलोकला गेलो. पैसे परत मागणारी मंडळी बिल्डिंगखाली उभीच होती. बाई निर्दोष आहेत असं भाषण ठोकलं असतं, तर यांनी पोलिसांना मॅनेज केलंय असंच निम्मे म्हणाले असते. मी सगळ्यांसमोर पाकीट काढलं.

"ताई, पुढच्या सहलीला आम्हा नवरा-बायकोच्या दोन सीट धरा. पोलिसांना काही कमी करणार का?"

"नाही साहेब. दर सगळ्यांना एकच."

मी पैसे दिले. सगळ्यांत मोठ्याने भांडत असलेले एक काका पुढे आले आणि म्हणाले, "ताई, बस गेटवर येणार की हायवेला यायचं?"

संशय खोटा निघाला, तर तो खोटा निघाल्याचं चार माणसांत दिसेल असं करणं हाही तपासाचाच भाग आहे. निवृत्त होईपर्यंत प्रत्येक नव्या अंमलदाराला मी हे सांगत आलो.