बसवराजच्या हेलिकॉप्टरची थरथर

रिमोटवर उडणारं हेलिकॉप्टर ज्याच्या घरात शिरलं, त्याच्या घरात दोन गोष्टी साठत जातात. एक वाकलेले स्क्रू आणि दुसरे किस्से. स्क्रू मी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात ठेवतो. बायकोने तो डबा दोनदा भंगारात घातला, मी दोनदा परत आणला. किश्श्यांना मात्र डबा नाही, चहाला कुणी बसलं की ते आपोआप बाहेर पडतात!

आमचं टोळकं चौघांचं. तिघे नांदेडचे: भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले कुलकर्णी सर, मोटर रिवाइंडिंग करणारे रफिकभाई आणि सरकारी खात्यात फायली पुढे सरकवणारा मी. चौथा बसवराज, लातूरचा, वडिलांबरोबर भांड्यांचं दुकान चालवतो. हेलिकॉप्टर त्याचंच. आम्ही तिघे नुसते तज्ज्ञ.

नांदेडात विमानतळ आहे, तिथे असलं काही उडवायला गेलं की पोलीसच आधी येतात. म्हणून दर रविवारी पहाटेची बस धरून आम्ही लातूरला जायचो. औसा रस्त्याला बसवराजचं शेत आहे, सोयाबीन निघालं की ते आमचं मैदान. पहिल्याच दिवशी शेजारचे एक शेतकरी बांधावर येऊन उभे राहिले. माणूस बसतो का, असं त्यांनी विचारलं. सरांनी त्यांना पातं हवा खाली कसं ढकलतं, उचल कशी मिळते, हे दहा मिनिटं समजावलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजे माणूस बसत न्हाई."

"नाही."

"मग तुमी चौघं इथं कशाला?"



* * *

बसवराजचे वडील म्हणजे अप्पा. वय चौऱ्याऐंशी, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, बोलणं मोजून. पन्नास वर्षं पितळ-तांबं तोलून विकलेलं. रोज सकाळी अंघोळ आणि लिंगपूजा झाली, की ओली विभूती घेऊन ते दुकानात फिरतात. शटरला, गल्ल्याला, स्कूटरला तीन-तीन बोटं ओढतात. जुन्या तराजूच्या दोन्ही पारड्यांना ओढतात. तो तराजू आता कुणी वापरत नाही, पण मान सुटलेला नाही.

दुकानातल्या खुंटीला टांगलेल्या हेलिकॉप्टरला मात्र तो मान नव्हता. दसऱ्याला बसवराजने ते पूजेत मांडलं, तर अप्पांनी पायानेच खूण करून बाजूला करायला लावलं. पोरखेळ, एवढाच शब्द. बसवराज तेव्हा पन्नाशीला आलेला, घरात सून यायची वेळ झालेली. तरी तो शब्द त्याला लागला. मला एकदा म्हणालासुद्धा, "अप्पांनी एकदा येऊन बघावं. बास. मला दुसरं काय नको."

पुढच्याच आठवड्यात फिरत्या पात्याने त्याचं बोट कापलं. दोन टाके पडले. अप्पांनी पट्टीकडे पाहिलं, हेलिकॉप्टरकडे पाहिलं, आणि गादीवर जाऊन बसले.

आणि त्यानंतरच्या रविवारपासून हेलिकॉप्टर थरथरायला लागलं!

* * *

थरथर म्हणजे साधी नव्हे. जमिनीवरून हातभर उठलं की अंगात आल्यासारखं हलायचं. शेपटी एक असून दोन दिसायच्या. आणखी वर नेलं तर खिळखिळं होऊन पडणार, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं.

असं झालं की एका वेळी एकच गोष्ट तपासायची, एकच बदलायची, हा नियम आहे. हा नियम आम्हाला सरांनीच शिकवला होता. आणि तो पहिल्यांदा मोडला तोही सरांनीच. त्यांचं म्हणणं, मधला दांडा वाकलाय. रफिकभाईंना बेअरिंगचा आवाज येत होता. मला गायरोचा संशय होता, कारण गायरो म्हणजे काय हे मला नीट कळत नव्हतं. आमच्या खात्यातही दोष नेहमी असाच न कळणाऱ्या विभागात सापडतो.

शेवटी रफिकभाईंनी शहाणपणाची गोष्ट केली. दोन्ही पाती काढली आणि नुसती मोटर फिरवली. यंत्र अगदी शांत! तांब्या ठेवला असता तरी पाणी हललं नसतं.

ह्यावरून शाळेतल्या पोरालाही काय ते कळलं असतं. पण सर म्हणाले, पाती नवीकोरी आहेत, कारखान्यातून तोलून येतात, तेव्हा पाती सोडून बोला. पाती काढल्यावर भार नाही, म्हणून दांडा शांत. रफिकभाईंनी माझ्याकडे बघून मान हलवली.

"मशीन सांगून राहिली, साहेब. आपण ऐकून न्हाई राहिलो."

* * *

तरी माझ्या आग्रहाखातर पाती तोलायची ठरली. बसवराजच्या ओळखीचे एक सराफ होते, त्यांच्या काट्यावर. सराफांनी आधी पाती पारखून घेतली, मग हा कुठला दागिना म्हणून विचारलं. दोन्ही पाती गुंजेचाही फरक न पडता सारखी भरली. सरांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी पुढचे दोन रविवार पाती हा शब्द उच्चारला नाही.

त्याच दुपारी आम्ही चौघांनी चार गोष्टी बदलल्या. सरांनी दांडा, रफिकभाईंनी बेअरिंग, मी गायरोखालची चिकटपट्टी, आणि बसवराजने तोलून आणलेली पाती परत बसवली. हेलिकॉप्टर उडालं, ते लोण्यातून सुरी फिरावी तसं!

मग श्रेयाचं भांडण लागलं. परतीच्या बसमध्ये अहमदपूरपर्यंत दांडा, पुढे लोह्यापर्यंत बेअरिंग, आणि नांदेड आलं तेव्हा सर आणि रफिकभाई दोन वेगळ्या सीटवर बसलेले होते. मी घरी जाऊन रीतसर टिपण लिहिलं: "सदर कंपनाचे निराकरण झाले असून प्रकरण नस्तीबंद करावे."

दोन रविवारांनी नस्ती उघडली. थरथर परत आली होती, आणि पहिल्यापेक्षा जोरात. कोणत्या बदलाने ती गेली होती हे कुणालाच माहीत नव्हतं. त्यामुळे ती का आली हे सांगायला आम्ही तिघेही मोकळे होतो.

* * *

आता शेवटचा रविवार.

शनिवारी बसवराजचा फोन आला. आवाज बसलेला. अप्पा जेवताना म्हणाले होते, की उद्या मी येतो शेतात. नीट उडालं तर उडीव. न्हाई तर माळ्यावर टाक, टाके पडायचं वय न्हाई तुजं. महिनाभर ज्याची वाट पाहिली, ते असं दारात येऊन उभं राहिलं होतं.

सकाळी अप्पा प्लास्टिकच्या खुर्चीत, काठीवर दोन्ही हात ठेवून बसले. बसवराजने रिमोट घेतला. यंत्र हातभर उठलं आणि लागलं घुमायला. त्याने ते खाली घेतलं. मला फार वाईट वाटलं. एवढ्या वयाच्या माणसाला बापासमोर नापास होताना बघवत नाही.

"एका अंगाला जड हाय ते," अप्पा म्हणाले.

सर समजुतीने हसले. अप्पा, हे तराजू नाही, ह्यात फार गोष्टी असतात, असं काहीतरी म्हणाले. अप्पांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. बसवराजच्या बायकोने चहासोबत दिलेले स्टीलचे दोन पेले त्यांनी पालथे घालायला लावले. पाती काढून एकाच बोल्टवर समोरासमोर जोडायला लावली, आणि तो बोल्ट दोन पेल्यांवर टेकवला. झाला तराजू.

एक पातं खाडकन खाली गेलं!

रफिकभाईंनी ते उचलून उलटं केलं. पातं पांढरं, आणि त्याच्या खालच्या अंगाला टोकाशी पांढराच थर. वाळून गिलाव्यासारखा झालेला. वरच्या थरात तीन बोटांच्या रेघा स्पष्ट उमटलेल्या होत्या.

आम्ही चौघांनी रेघांकडे पाहिलं. मग चौघांनी एकाच वेळी अप्पांच्या कपाळाकडे पाहिलं. मग चौघेही सोयाबीनच्या धसकटांकडे बघायला लागलो.

"सराफाकडं नेताना मी पुसून नेली होती पाती," बसवराज हळूच म्हणाला. "धूळ वाटली. आपल्यात काट्यावर वस्तू पुसल्याबिगर ठेवत न्हाईत."

त्याने खिशातून रुमाल काढला आणि पातं हातात घेतलं. पण त्याच्याने पुसवेना. बोट कापल्यापासून रोज सकाळी त्याच्या पात्यावर तीन बोटं कोण ओढत होतं, हे त्याला त्या क्षणी कळलं. त्याचे डोळे भरून आले. माझेही आले, खोटं कशाला बोलू.

"पुसतूस कशाला?" अप्पा म्हणाले. "एकाच पारड्याला लावली तर काटा पडनारच. दुसऱ्याला लाव की."

त्यांनी कनवटीची विभूतीची पुरचुंडी सोडली. तांब्यातल्या पाण्याचे दोन थेंब घेतले आणि वर गेलेल्या पात्याला बोट ओढलं. थांबले. अजून एक ओढलं. तिसरं बोट त्यांनी नुसतं टेकवल्यासारखं केलं. पातं सावकाश खाली आलं आणि आडवं, अगदी समेवर थांबलं. पन्नास वर्षांचा हात होता तो.

थर वाळेपर्यंत चहा झाला. मग बसवराजने हेलिकॉप्टर उचललं. हातभर, पुरुषभर, मग बाभळीच्याही वर. शेपटी एकच दिसत होती.

अप्पा बराच वेळ मान वर करून बघत राहिले. मग सरांकडे वळले.

"गुरुजी, तुमी काय शिकवीत होताव?"

"फिजिक्स," सर म्हणाले.

अप्पांनी पुन्हा एकदा वर पाहिलं.

"बरंय. पेन्शन चालू हाय नव्हं?"

हेलिकॉप्टर खाली उतरलं. बसवराज रिमोट छातीशी धरून वडिलांसमोर येऊन उभा राहिला. अप्पा काठी टेकत उठले, धोतर झटकलं आणि जीपकडे निघाले. दोन पावलं गेल्यावर थांबले.

"बसू, उद्यापासून ते खुंटीला जरा खाली टांगीत जा. वरच्या पात्याला हात पुरत न्हाई."