‘सब ठीक है’ म्हणणारी माणसं

आमच्या झाशीत कोणी फोनवर पहिल्याच वाक्यात तक्रार करत नाही. तो उद्धटपणा समजतात. आधी राम-राम, मग तब्येत-पाणी, मग ‘सब ठीक है, आपकी कृपा है’, आणि मग कुठे हळूच फ्रिजची गोष्ट निघते. सदर बाजारातल्या फ्रिज-कूलर दुरुस्तीच्या ऑफिसात मी वर्षानुवर्षं फोन घेतले, त्यामुळे मला यात कधी काही विशेष वाटलं नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाशी मालकांनी फोन घेणारी मशीन आणली. मशीन म्हणजे दिसायला काहीच नाही. कंप्यूटरमधून बोलणारा बाईचा आवाज, गोड आणि अगदी शुद्ध हिंदी. हीच फोन घेणार, तक्रार ऐकणार, मेकॅनिकला पाठवणार. मालकांनी मला आणि माझ्या शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीला आत बोलावलं आणि सांगितलं, की महिनाभर बघू. जमलं तर पुढच्या पहिल्या तारखेपासून फोनचं टेबल बंद. माणूस वाईट नाही, नजर चुकवत बोलला. मैत्रीण इथलीच, बुंदेली. नवरा गेलेला, मुलं अजून शिकतायत. मी गप्प बसणाऱ्यांतली नाही. विचारलं, भाईसाहब, ही बाई दिवाळीला मिठाई तरी घेणार का? ते हसले, पण निर्णय तसूभर हलला नाही.

मला राग आला होता आणि रागाहून जास्त भीती वाटत होती. पन्नाशी उलटलेल्या बाईला दुसरीकडे कोण ठेवून घेणार? त्यात मशीनला काम जमलं की हो! पडद्यावर सगळीकडे हिरव्या ओळी: तक्रार नाही, ग्राहक समाधानी. मालक खूश आणि मी मनातल्या मनात तिच्या नावाने बोटं मोडतेय.

अशात एका दुपारी चिरगाँवचे एक दही-लस्सीवाले बसने आले. घामाघूम झालेले. पाणी प्यायले, माझ्या मुलीच्या लग्नाचं कुठवर आलं ते विचारलं, चहा संपवला आणि मग बहिणीला हाक मारावी तसं म्हणाले, “बिन्नू, और तो सब ठीक है। बस फ्रिज ने प्राण छोड़ दए।”

फोन का नाही केलात, असं मी विचारलं. केला होता म्हणाले. एका बाईने उचलला, काही समस्या आहे का विचारलं. यांनी रीतीप्रमाणे सांगितलं, अरे नहीं, सब ठीक है, आपकी किरपा है. तिने धन्यवाद म्हटलं आणि फोन ठेवला. आता घाईत असलेल्या बाईला पुन्हा कसा त्रास द्यायचा? म्हणून दुकानातलं दही आंबून फुकट गेल्यावर ते स्वतःच निघून आले होते. वर तिचीच बाजू घेत होते.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मेकॅनिकला त्यांच्याबरोबर धाडलं आणि मी आणि मैत्रीण त्या हिरव्या ओळींतल्या समाधानी लोकांना फोन लावत सुटलो. कितीतरी जण गरम कूलरपुढे वाट पाहत बसले होते. मालकांनी ऐकलं, कपाळाला हात लावला आणि मशीन काढून टाकतो म्हणाले. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. पण बाहेर आल्यावर मैत्रीण म्हणाली, “दीदी, जा हटहै तो दूसरी आ जैहै। ईखों सिखा देओ।”

मला ते मुळीच आवडलं नाही. ही गेली तर दुसरी येणार, म्हणून हिलाच शिकवायचं? शत्रूला घास भरवायचा? पण रात्री अंथरुणात कूस बदलताना पटलं. दुसरी आलीच, तर ती चिरगाँवच्या माणसाला काय ओळखणार?

सकाळी मालकांकडून महिना संपेपर्यंतची मुदत मागून घेतली. मशीन बनवणाऱ्या कंपनीची एक मुलगी पुण्याहून फोनवर असायची. मी मराठी बोलते म्हटल्यावर ती चाट पडली आणि मला काकू म्हणू लागली. माझ्या मराठीत हिंदी इतकी मिसळलेली, की मधूनमधून ती खुदकन हसायची. मीही सोडत नव्हते. तिला म्हटलं, तुमच्याकडे नमस्काराच्या आधी तक्रार येते, आमच्याकडे माणूस आधी येतो. ती म्हणाली, “काकू, मग मशीनने नेमकं काय विचारायचं, ते तुम्हीच सांगा.”

मी सांगितलं, तिला आधी मुलाबाळांची चौकशी करू दे. सपशेल आपटलो. मशीनला आमच्या मुलांशी काय करायचंय, म्हणून लोक चिडले. मालकांच्या कपाळाला आठ्या, महिना सरत आलेला, मला जेवण जाईना. मग मैत्रिणीने आठवण करून दिली, की आम्ही दोघी तसं कधी विचारतच नाही. राम-राम करतो, समोरच्याचं ‘सब ठीक है’ होऊ देतो, थोडं थांबतो आणि म्हणतो, “हमारे लायक कोई सेवा?” सेवा विचारली की तक्रार सांगणं उद्धटपणाचं राहत नाही. पुण्याच्या मुलीने ते तसंच्या तसं बसवलं. शिवाय माणूस अडखळला तर फोन आम्हा दोघींकडे येईल, अशी सोय तिने आपणहून केली.

आणि काय सांगू! लोक बोलायला लागले. कूलर, फ्रिज, पाण्याची गळती, सगळं भडाभडा बाहेर. सरळ कामं मशीन उरकायची. रडणारी, रागावलेली, गोंधळलेली माणसं आमच्याकडे यायची आणि आता त्यांच्याशी निवांत बोलायला आम्हाला वेळ होता.

पहिल्या तारखेला मालक कानपूरच्या एका दुकानदाराला घेऊन आमच्या टेबलापाशी आले. त्यालाही तशीच मशीन बसवायची होती. मालक म्हणाले, “मशीन तो कोई भी बेच देगा। सिखाएँगी हमारी ये दोनों। इनका टेबल यहीं रहेगा।”

मैत्रिणीने पदराने डोळे पुसले. मला इतका आनंद झाला होता, की मी ऑटोतून आमच्या प्रेम नगरच्या अलीकडेच उतरले आणि भाजीवाल्यापासून समोरच्या वहिनींपर्यंत, कोणी विचारलेलं नसताना, दिसेल त्याला सांगत घरी गेले, की माझी नोकरी शाबूत आहे.