नंबरानं मांडलेल्या खुर्च्या

बायको जाऊन चौथा महिना चालू होता. शाळेतून मोठ्या बाईंचा फोन आला. "मामा, रविवारी या. हुशार मुलांच्या वर्गातली जुनी पोरं बोलावलीत. आपलं काय चुकलं, काय बदलायचं, ते त्यांनाच विचारायचंय." मी त्या शाळेत शिपाई होतो. घरात बसून तरी काय करणार, गेलो.

बाई म्हणाल्या, त्यातल्या एकीची मुलगी यंदा याच वर्गासाठी निवडली गेलीय, पाठवायची का नाय ते ती आज ठरवणार. मग नावांच्या चिठ्ठ्या हातात दिल्या, खुर्च्यांवर चिकटवायला.

त्या वर्गात दर सोमवारी चाचणीच्या नंबरानं जागा बदलायची. पहिला पुढं, शेवटचा दाराशी. ते काम माझंच. नंबर बहुतेक तेच यायचे, त्यामुळं नावं वाचली की कोण कुठं, ते हाताला ठाऊक. तशाच चिकटवल्या. माझ्या ध्यानातबी आलं नाय.

पोरं आली. पोरं कसली, केस पिकायला लागलेले. शेंद्रा एमआयडीसीतल्या कंपनीतला एक साहेब चिठ्ठी बघून म्हणाला, "मामा, मी अजून तिसराच व्हय? एवढी वर्षं घासली त्याचं काय?" सगळे हसले. दाराजवळ जिचं नाव होतं ती हसली नाय. बसलीबी नाय. मुलीचं ठरवायचं होतं ती हीच.

बाईंनी विचारलं, काय बदलावं. कुणी म्हणालं खेळ वाढवा, कुणी म्हणालं गृहपाठ कमी करा. ती उभ्यानंच बोलली. "मला जे येत नसे ते मी कधी विचारलं नाही. हुशार म्हणून आणलेलं पोरगं 'येत नाही' म्हणणार कसं? सोमवारी मधल्या सुट्टीत मी मामांच्या खोलीवर जायचे. मामी जेवू घालायच्या. नंबर विचारायच्या नाहीत."

आमची खोली शाळेच्या मागंच होती. मला हे ठाऊक नव्हतं. बायको कधी बोलली नाय.

"मामी कशा आहेत?" तिनं विचारलं.

"वारली."

मग मी म्हणालो, "बाकं मी हलवायचो. लेकरांची तोंडं मी बघितली नाय. तिनं बघितली."

बाई म्हणाल्या, "चाचणी राहील. नंबरानं जागा आजपासून बंद."

"लिहून द्या," ती म्हणाली. बाईंनी लिहिलं. तिनं दोनदा वाचलं. "आणि सुट्टीत पोरांना बसायला एक खोली. शिक्षक नसलेली."

"तिथं बसणार कोण?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी म्हणालो, "मला सैपाक येत नाय."

"नंबर विचारू नका, बास," ती म्हणाली, अन् प्रवेशाचा फॉर्म पुढं ओढला.

मी व्हय म्हणालो का, ते आठवत नाय. तिनं मुलीचं नाव लिहिलं.