डब्यातली धवलारीण

पडदा वर जातो तेव्हा भर दुपार आहे आणि रंगमंचावर एकच बाई आहे. जागा तळवलीची. जिथे एके काळी भाताचं खळं होतं, तिथे आता उभ्या असलेल्या इमारतीचा तिसरा मजला. डावीकडे खिडकी, खिडकीत समोरच्या इमारतीची खिडकी. मधोमध सोफा, पण त्यावर माणसाला टेकायला जागा नाही. साड्यांचे खोके, आहेराची भांडी, सुपारीच्या पिशव्या. उजवीकडे काचेचं कपाट, कपाटावर पालथं घातलेलं एक स्टीलचं पातेलं. त्या पातेल्यासमोर चटईवर पाय दुमडून बसल्या आहेत गोजराबाई. गुडघ्यापर्यंतचं लुगडं, डोक्यावर पदर, आणि नजर अशी की गाभाऱ्याचं दार आता उघडणार आहे.

पातेल्याखाली नातीनं आणलेला स्पीकर होता.

उन्नती, म्हणजे गोजराबाईंची नात, महापेला एका कंपनीत नोकरीला होती, आणि येत्या रविवारी तिचं लग्न होतं. स्पीकर तिनं दिवाळीत आणला. नारळाएवढा गोल डबा. त्याचं नाव घेतलं की कडेनं निळा उजेड फिरायचा आणि आतून एक बाई बोलायची. किती वाजले ते सांगायची, उद्या ऊन किती ते सांगायची, भजनं लावायची. पहिल्या दिवशी गोजराबाईंनी कपाटाच्या मागे हात घालून चाचपलं, मग खाली वाकून खालचा कप्पा बघितला.

"किती बायका हायत आत?"

"एकच आहे, आजी. आणि ती आत नाहीये."

"मंग कुठं हाय?"

"तशी कुठेच नाही. आणि सगळीकडे आहे."

गोजराबाईंनी लगेच पदर डोक्यावर घेतला. सगळीकडे असणाऱ्या बाईपुढे उघड्या डोक्यानं बसणं त्यांना बरं दिसेना.

अडचण एकच होती. त्या डब्याला नावानंच हाक मारावी लागे. "गो बाय" म्हणून गोजराबाईंनी किती आर्जवं केली, पण डबा ढिम्म.

"कनच्या गावची हाय ही? गो बाय म्हटल्याव ओ देत नाय."

"अमेरिकेची," स्वयंपाकघरातून सून नमिता म्हणाली.

"तरीच."

त्यानंतर डब्यावर पातेलं आलं. उन्नती कामावर गेली की गोजराबाई ते पालथं घालायच्या आणि ती यायच्या आत काढून ठेवायच्या. नमितानं विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "ऐकते ती सगला. आपन सासूसुना काय बोलतो, भांडतो."

"आपण कधी भांडलो, आई?"

"तेच तं. लोकांना सांगल तं खरा वाटाचा नाय."

हा झाला विनोदाचा भाग. पण पातेल्याखाली आणखी एक गोष्ट झाकलेली होती, आणि ती कळायला गोजराबाई कोण हे कळायला हवं.

गोजराबाई धवलारीण. आगरी-कोळ्यांच्या लग्नात भटजी मंत्र म्हणतो, पण देवांना त्यांच्या ओळखीच्या बोलीत मांडवात बोलावते ती धवलारीण. ती धवला गाते. मांडव, उंबराची डहाळी, हळद, सगळं गात गात मांडते, मग एकेका देवाला आवतन देते आणि शेवटी घरच्या मेलेल्या माणसांना. ती सगळी येऊन बसल्याशिवाय नवरानवरीच्या डोक्यावर तांदूळ पडत नाहीत. तळवली, घणसोली, गोठिवली या पट्ट्यात एके काळी असा मांडव नव्हता जिथे गोजराबाई बसल्या नाहीत. शेतं गेली, कारखाने आले, कारखान्यांच्या जागी काचेच्या इमारती आल्या, मांडवाचे हॉल झाले. हॉलमध्ये कोणीतरी तोंडापुढे माइक आणायचा आणि गोजराबाई तो हातानं बाजूला करायच्या. देवाला माइक लागत नाही.

आणि धवला एकटीनं गात नाहीत. दोघी लागतात. एक ओळ टाकते, आणि तिचा श्वास संपायच्या आत दुसरी ती उचलते. रंगभूमीवर समोरचा नट वाक्य उचलतो ना, अगदी तसंच. त्यात क्षणाची फट पडली तर सगळा प्रसंग ढासळतो. गोजराबाईंची ओळ उचलायची ती बामीबाई. शेजारच्या घरातली, एकाच वर्षी लग्न होऊन गावात आलेली. दोघींच्या श्वासांत सुई शिरायला जागा नसे. ऐकणाऱ्याला वाटावं, एकच बाई गाते आहे आणि तिला श्वास घ्यावाच लागत नाही.

गेल्या शिमग्याला बामीबाई गेली.

तेव्हापासून गोजराबाईंनी आलेलं एकही आवतन घेतलं नाही. घसा बसलाय, असं त्या सांगत. खरं कारण त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. बामीच्या दहाव्यानंतर एका लग्नाला होकार देऊन त्या घरी आल्या आणि मनातल्या मनात धवला म्हणून बघू लागल्या. मनातसुद्धा बामीच्या जागेवर येऊन थांबल्या. तिथे नुसतं भोक होतं. तो होकारही त्यांनी मागे घेतला. भर मांडवात असं झालं तर? अर्ध्यावर तुटलेला धवला म्हणजे बोलावलेले देव उंबऱ्यावर ताटकळत ठेवणं. असं ज्या लग्नात होतं त्याचं भलं होत नाही, हे त्या सासूकडून ऐकत आल्या होत्या.

आणि आता उन्नती म्हणत होती, "आजी, तू गायली नाहीस तर मी अक्षता पडू देणार नाही." हसत म्हणत होती, पण म्हणत होती.

उपायही तिनंच काढला. घणसोलीच्या कुठल्याशा लग्नाचा जुना व्हिडिओ तिला फोनवर सापडला. त्यात दोघी गात होत्या. तो तिनं 'बामीचा धवला' या नावानं डब्याला जोडून दिला. "तू तुझी ओळ म्हण, आजी. बामीआजीची ओळ हा म्हणेल. टेन्शनच नको."

गोजराबाईंच्या अंगावर काटा आला. "नको लावूस. धवला मांडवात गाताना देव येतात. बिनमांडवाचा लावशील, तं देव येतील आन बगतील तं कोनाचा लगीनच नाय. त्यांच्याशी असा खेल कराचा नसते."

म्हणून पातेलं. सासूसुनेच्या भांडणाचं निमित्त होतं. पातेल्याखाली बामी होती.

तर, त्या दुपारी. उन्नती कामावर. नमितानं बँकेतून लग्नाची सुट्टी घेतली होती, ती स्वयंपाकघरात बोंबील साफ करत बसली होती. गोजराबाईंनी आधी दाराकडे बघितलं, मग पातेलं उचलून मांडीवर घेतलं. सगळा धवला थोडाच ऐकायचा होता? सुरुवातीला मांडवाचं वर्णन आहे, हळदीचं आहे, तेवढं ऐकलं तर कुठल्या देवाला राग येणार? आवतन यायच्या आत "बस" म्हणायचं. उन्नती तसंच म्हणते.

त्यांनी डब्याचं नाव घेतलं. नवी नवरी उखाण्यात नवऱ्याचं नाव घेते तेवढ्याच आवाजात.

"बामीचा धवला लाव."

निळा उजेड फिरला. आणि आधी गाणं आलंच नाही. आधी बामी खाकरली.

गोजराबाईंचा हात तोंडावर गेला. गाण्याची नक्कल कोणीही करील, पण हे खाकरणं? आधी एकदा कोरडं, मग थोडं थांबून दुसरं, जणू आवाजाला म्हणते आहे की ऊठ, वेळ झाली. हे खाकरणं साऱ्या दुनियेत एकीचंच होतं, आणि त्या बाईला त्यांनी स्वतःच्या हातानं आंघोळ घालून निरोप दिला होता.

मग ओळ आली. मागोमाग दुसरी ओळ आली, आणि तो आवाज गोजराबाईंचा होता. भरलेला, दणदणीत. त्या डब्याकडे नुसत्या बघत राहिल्या. बामी आत होती, आणि बामीच्या शेजारी त्या स्वतःही आत होत्या. एवढ्याशा नारळात दोघी बायका, मांडव, पोरांची रडारड, मागून कोणीतरी भांडं पाडल्याचा आवाज, सगळं जसंच्या तसं. हे कोणी भरलं असेल? ज्यानं भरलं त्याला तरी ठाऊक असेल का, की यात काय आहे? गोजराबाईंचे ओठ हलू लागले. श्वास कुठे घ्यायचा हे शरीरच सांगत होतं. "बस" म्हणायचं होतं, ते त्या साफ विसरल्या.

आणि डब्यानं गावदेवीला बोलावलं.

गोजराबाई ताडकन उठल्या. बोलावणं गेलं होतं. आता ती येणार. त्यांनी साड्यांचे दोन खोके उचलून जमिनीवर ठेवले आणि सोफ्याचा कोपरा पदरानं झटकला. डबा थांबायला तयार नव्हता. एकवीरा आईला आवतन गेलं. आहेराची भांडी खाली आली. खंडोबाला गेलं. खंडोबाचा घोडा तिसऱ्या मजल्यावर कसा यावा, लिफ्टमध्ये तर मावायचा नाही, असा एक विचार मनात आला. पण तो देवाचा देव बघून घेईल म्हणून त्यांनी सुपारीच्या पिशव्या हलवल्या. पाट मांडला, तांब्या भरून ठेवला. आता खाडीची पाळी, मग मेलेल्या माणसांची. बामीनं खाडीची ओळ उचलली.

आणि लाईट गेली.

पंखा थांबला. निळा उजेड विझला. बामीचा आवाज शब्दाच्या मधोमध कापला गेला.

घरात अशी शांतता पसरली की स्वयंपाकघरातल्या नळाचं थेंब थेंब पाणी ऐकू यावं. गोजराबाई सोफ्यासमोर हात जोडून उभ्या. तीन देव येऊन बसलेले, बाकीचे जिन्यात. उन्नतीच्या लग्नाच्या आठवड्यात, उन्नतीच्याच घरात, धवला तुटला होता.

तो जोडायला दुसरं कोणी नव्हतं. त्या चटईवर बसल्या आणि बामीनं टाकलेली ओळ त्यांनी उचलली.

आवाज चिरका आला. वर्षभर न वाजवलेल्या ढोलकीसारखा. तरी आला. खाडीला आवतन गेलं. मग सासरा, सासू, मग नवरा. प्रत्येक नावापाशी त्या भिंतीवरच्या फोटोंकडे बघत होत्या. यानंतरची ओळ लग्नघराच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांची, जे गेले त्यांची. त्या ओळीत आता पहिल्यांदाच एक नवं नाव यायचं होतं. ओळ बामीनं उचलायची, आणि नाव होतं बामीचंच.

गोजराबाईंचा श्वास तिथे संपला. तोंड उघडं, छाती रिकामी. फट पडायला आता पापणी मिटण्याएवढाच वेळ होता.

ओळ स्वयंपाकघरातून आली.

आवाज बारीक होता, जरा खालच्या पट्टीत, पण प्रत्येक शब्द आपापल्या पाटावर बसलेला. बामीचं नाव जिथे यायला हवं तिथेच आलं. गोजराबाईंनी श्वास घेतला, पुढची टाकली; ती उचलली गेली. नमिता दारात येऊन उभी राहिली, हाताला बोंबलाचं पाणी, आणि तिच्या चेहऱ्यावर असं आश्चर्य की हे गाणं आपल्याच तोंडातून येतं आहे हे तिला उभं राहिल्यावर कळलं असावं. शेवटची ओळ दोघींनी मिळून संपवली.

गोजराबाई चटईवरूनच सुनेकडे वळल्या.

"कवा शिकलीस गो?"

"शिकले नाही, आई." नमिता हात पदराला पुसू लागली, मग वासाची आठवण होऊन थांबली. "पाणी द्यायला मागे बसायचे ना मी प्रत्येक मांडवात. एकीची ओळ संपली की तिच्या हातात तांब्या द्यायचा, दुसरीची संपत आली की परत घ्यायचा. ओळ कुठे संपते ते माहीत नसेल तर पाणी सांडतं. सुरुवातीला बामीकाकींच्या अंगावर किती वेळा सांडलं."

"शिव्या देत व्हती तुला."

"त्या तुमच्यापुढे, माझ्यापुढे नाही. मला म्हणायच्या, सांड, शिकशील."

गोजराबाई सुनेकडे बघत राहिल्या, मघाशी डब्याकडे बघत होत्या तशाच. एवढी वर्षं पाठीमागे बसून या बाईनं सगळं आत भरून घेतलं होतं, आणि कोणी नाव घेऊन हाक मारली नाही म्हणून ती कधी बोलली नव्हती.

"रयवारी बसशील माज्या शेजारी?"

"बँकेतले सगळे येणार आहेत, आई. मॅनेजरपण."

"येऊंदे. चटई मोठी हाय."

नमिता हसली. मग डोळे पुसायला गेली, तर हाताला बोंबील, म्हणून खांद्यानं पुसले. "आधीपासून म्हणून बघायला हवं. माझा श्वास नाही पुरणार."

"तुजा संपल तं मी हाय. माजा संपल तं तू. दोघींचा एकदम थोडाच संपते."

तेवढ्यात पंखा फिरला. डब्यावर निळा उजेड गोल गोल फिरू लागला आणि आतल्या बाईनं कसलासा आवाज काढला. गोजराबाईंनी तिला हातानं थांबायची खूण केली. पातेलं त्यांनी नमिताच्या हाती दिलं, आत नेऊन ठेव म्हणून. मग पदर नीट केला आणि त्या रिकाम्या सोफ्यासमोर वळल्या. हात जोडले. नमितानंही, पातेलं काखेत धरून, जोडले.

"देवांनू, चुकी झाली," गोजराबाई म्हणाल्या. "आवतन या मशिनीनं लवकर दिला, तिला तिथी-वार कलत नाय. लगीन रयवारी हाय. आज पानी पिऊन जा. रयवारी जेवाला या, आन येताना बामीला संगं घेऊन या."