आन्सेल्मच्या वाटची कॉफी

आमच्या बाजारात दुसऱ्याच्या सौद्यात तोंड घालणं म्हणजे महापाप. समोरचा गिऱ्हाइकाचा गळा कापत असला, तरी शेजाऱ्याने मुकाट आपल्या मालावरची धूळ झटकत बसायचं. पॅरिसच्या वेशीवरच्या या जुन्या बाजारात हा नियम कुणी घातला देव जाणे. आन्सेल्म रूव्हिएने तो मोडला आणि अख्ख्या गल्लीने त्याला वाळीत टाकलं. मला अजून संताप येतो.

मी जुन्या लेस विकते, तो माझ्या शेजारी जुन्या दुर्बिणी. त्याच्यापेक्षा दगड बोलका म्हणायचा. ऑपेराला नेतात त्या छोट्या दुर्बिणी म्हणजे त्याचा जीव की प्राण, पण स्वतः ऑपेराला एकदाही गेलेला नाही. "तीन तास किंकाळ्या ऐकायला पैसे मोजू? बायको फुकट ऐकवायची," म्हणतो. दुपारी पावाला लोणी फासून वर सार्डिन मासे ठेवून खातो, आणि मग साबणाने हात धुतल्याशिवाय काचेला बोट लावत नाही.

त्या रविवारी मादाम पेशार आल्या. थिएटरात लोकांना खुर्च्या दाखवण्यात जन्म गेलेली बाई, आता स्वतःलाच खुर्ची दिसेना. चष्मा करायचा म्हणून मावशीची ऑपेराची दुर्बीण विकायला काढलेली. आणि गेल्या कुणाकडे, तर समोरच्या दुकानातल्या लबाड फर्नां कासूकडे!

फर्नांने भिंगाभोवतीच्या कड्यावर कोरलेलं नाव वाचलं. "हे बनवणाऱ्याचं नाव नाही मादाम, विकणाऱ्या दुकानाचं आहे. ते काय चाटायचंय?" तेवढं खरं होतं. मग दुर्बिणीवर मढवलेल्या शिंपल्याच्या पट्टीवर नख वाजवून म्हणाला, "आणि हे तर प्लॅस्टिक. नातवंडांना खेळायला द्या. एवढ्या लांबून आलात, म्हणून जेवणापुरते देतो हवं तर."

बाईंचा चेहरा पडला. "बरं, द्या," असं त्या म्हणणार, तोच माझ्या शेजारून आवाज आला.

"मादाम, ओठाला लावून बघा. प्लॅस्टिक कोमट लागतं, शिंपला गार."

बाईंनी लावून पाहिली. मग दुर्बीण पिशवीत टाकली आणि चालू लागल्या.

"दुसऱ्याच्या ताटातला घास ओढतोस?" फर्नां गरजला. "तुलाच हवी होती, म्हणून बोललास!"

कोपऱ्यावरून सगळ्या गल्लीची कॉफी आमच्यातला एकजण आणतो, पाळीपाळीने. पुढच्या रविवारी ट्रे आला तो आन्सेल्मला वगळून. ज्यांनी आयुष्यभर कल्हईला चांदी म्हणून विकलं, ते आता नीतीच्या गोष्टी सांगत होते! मी माझा कप त्याच्यापुढे आदळला.

"राहू दे, इव्हेट. उगाच तुलाही वाळीत टाकतील."

"टाकू देत! गळेकापूंच्या पंगतीला बसायची मला हौस नाही."

तेवढ्यात मादाम पेशार पुन्हा आल्या, या खेपेला थेट आन्सेल्मकडे. "तुम्हीच घ्या. द्याल ते चालेल, माझा चष्मा झाला म्हणजे झालं."

गल्ली कान टवकारून उभी. "बघा, मी काय म्हणत होतो?" फर्नां हसला.

आन्सेल्मने हात धुतले. दुर्बीण आभाळाकडे धरली, मधलं चाक फिरवलं, शिंपल्याच्या एकेका पट्टीवरून अंगठा फिरवला. ठेववत नव्हती त्याला खाली. मला दिसत होतं ते.

"शिंपला कुठे तडकलेला नाही. काचा स्वच्छ, मुलामा मूळचा, कुणी घासून घालवलेला नाही," तो म्हणाला. "एक नाही मादाम, दोन चष्मे होतील. पण मी घेणार नाही. कासूकडे जा, त्याच्याकडे शौकीन गिऱ्हाइकं येतात. दोन चष्म्यांहून कमी घेऊ नका."

"वेडा आहेस का?" मी ओरडले. "हातात आलेली वस्तू त्या लबाडाला देतोस?"

"मी घेतली, तर त्याचं म्हणणं खरं ठरेल, इव्हेट."

आता प्लॅस्टिक म्हणायची सोय उरली नव्हती; सगळ्या गल्लीदेखत फर्नांला दोन चष्म्यांचे पैसे मोजावे लागले. आता तरी कुणी आन्सेल्मची माफी मागेल, असं मला वाटलं होतं. माफी कसली! सगळे माना खाली घालून आपापली धूळ झटकू लागले.

गेल्या रविवारी एक सुटाबुटातला गृहस्थ फर्नांकडे तीच दुर्बीण उलटीसुलटी करत होता. "शिंपला अस्सल आहे कशावरून?"

फर्नांने छाती फुगवली. "ओठाला लावून बघा, मस्यू. प्लॅस्टिक कोमट लागतं, शिंपला गार."

मागून कॉफीचा ट्रे आला. आन्सेल्मचा कप त्यात नव्हता.