मळकट स्क्रीन

तहसीलमध्ये माझा जन्म गेला तो लोकांच्या अर्जांत खोट काढण्यात. निवृत्त झालो तरी खोड गेली नाही. पेपरची अक्षरं दिसेनात म्हणून मी कुरकुर करायचो, तेव्हा सुनेनं माझ्यासाठी स्क्रीनवर वाचायचं ई-रीडर मागवलं. ती शाळेत शिकवते. तिच्याकडं एक आधीपासून होतंच.

"अक्षर पाहिजे तेवढं मोठं करा, मामा," ती म्हणाली.

अक्षर मोठं झालं, पण पान मळकट. चहा सांडून वाळलेल्या कागदासारखं पिवळट. तिचं खिडकीत ठेवलेलं मात्र मला स्वच्छ वाटलं. झालं, डोक्यात किडा वळवळायला लागला. हिनं नवं स्वतःला ठेवलं आणि जुनं खोक्यात घालून माझ्या गळ्यात मारलं.

काही दिवस मी गप्प राहिलो. मग अणदूरहून व्याही आले. आम्ही जेवायला बसलो होतो, सून वाढत होती, आणि माझी जीभ सुटली.

"पाव्हणं, तुमच्या लेकीनं मला जुना माल दिलाय बरं का. म्हाताऱ्याला काय, काहीबी चालतंय!"

व्याह्यांचा घास हातातच राहिला. सुनेनं भाजीचं पातेलं खाली ठेवलं, आत जाऊन स्वतःचं रीडर आणलं आणि माझ्यापुढं ठेवलं. माझं उचलून नेलं. मी तिथंच डाव्या हातानं ते उघडलं. खरं सांगतो, तेही तसंच मळकट दिसलं. पण व्याह्यांसमोर माघार कोण घेणार?

"आता कसं झ्याक दिसतंय!" मी म्हणालो. व्याही ताक न घेताच उठले.

पुढं डोळ्यांच्या डॉक्टरनं मोतीबिंदू सांगितला. सोलापूरला दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं. घरच्या भिंती इतक्या पांढऱ्या आहेत हे मी विसरूनच गेलो होतो. वाचायची परवानगी मिळाली तशी मी हौसेनं रीडर उघडलं. पान करडं, अक्षरांच्या कडा विस्कटलेल्या. पान उलटलं तरी मागच्या पानाच्या ओळी पुसट दिसतच होत्या. सून शाळेत गेली होती. तिच्या कपाटावर माझं आधीचं होतं, खोक्यात घालून ठेवलेलं. चालू करून शेजारी धरलं. पान स्वच्छ, अक्षर छापल्यासारखं काळंभोर. आणि केवढं मोठं! मी केलं होतं तेवढंच. तिनं ते वापरलंच नव्हतं. धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

संध्याकाळी मी दोन्ही रीडर तिच्यापुढं ठेवली आणि म्हणालो, "हे नवं तू वापर."

"मला न्हाय पाहिजे, मामा. तुमचंच हाय ते. माझ्या बाबांना तेवढं खरं काय ते सांगा."

मी तिच्यासमोरच फोन लावला.

"बोला पाव्हणं! डोळं कसं हायेत आता?" त्यांनीच आधी विचारलं.

मी अडखळत सगळं सांगितलं. लेकीनं नवंच दिलं होतं, मलाच दिसत नव्हतं, मी उगाच तिला बोललो.

"हे तिला बोललात का?" ते म्हणाले.

सून दारातच उभी होती. मी फोन खाली ठेवला. तिच्याकडं बघून म्हणालो, "पोरी, माझंच चुकलं."